मनाच्या चिकित्सकाची सनद

अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत १८९६ सालीं एक शिक्षिका आपल्या एका विद्यार्थ्याला घेऊन आली. मुलगा चौदा वर्षांचा. इतर विषयांत बरा, परंतु शब्दांतील अक्षरें लिहितांना हमखास चुके. प्राध्यापक लाइटनर विट्मर यांनीं त्याला उपदेश केला नाहीं; बारकाईनें तपासलें. तेव्हां दृष्टींतच दोष असल्याचें आढळलें. मुलाला चष्मा मिळाला व त्याच्या जोडीला खास शिकवणी सुरू झाली. त्याच वर्षीं विट्मर यांनीं मानसशास्त्रीय चिकित्सालय उघडलें, आणि या व्यवसायाचा आरंभ तेथपासून मोजतात.

आज मराठी घरांतील एखादी मुलगी मानसशास्त्र घेऊन पदवीधर होते, पुढें एम. ए. होते, आणि नातलग म्हणूं लागतात कीं, आतां हिनें दवाखाना थाटावा. कायद्याच्या दृष्टीनें ती अद्याप उंबरठ्यापाशींच उभी असते. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ सालीं झाला. त्याअन्वयें क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करावयाचें तर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहींत नांव असावें लागतें. नोंदीवांचून हा व्यवसाय करणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. आजच्या मुंबईंत हजार रुपयांची मातब्बरी ती काय! शिवाय नुसत्या ‘मानसशास्त्रज्ञ’ या शब्दाभोंवतीं तितकें पक्कें कुंपण नाहीं. त्यामुळें पाटीवर काय लिहिलें आहे याहून नोंदवहींत काय लिहिलें आहे हें पाहणें घरच्या मंडळींच्या हिताचें असतें. खरा नोंदणीकृत मनुष्य आपला क्रमांक विचारल्यास रागावत नाहीं.

नोंदवहीपर्यंतचा मार्ग पुष्कळ वर्षें ठरलेला होता. पदवी, मग दोन वर्षांचें एम. ए., मग प्रवेशपरीक्षा, आणि त्यानंतर रुग्णालयांत दोन वर्षांचा पूर्ण वेळेचा एम. फिल. भोर समितीचा अहवाल १९४६ सालीं आला. १९५४ सालीं बंगळूर येथें अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, आणि १९५५ पासून तेथें या विद्येची पदविका सुरू झाली. पुढें तिचेंच एम. फिल. झालें. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची जी व्याख्या केली, तींत पदव्युत्तर शिक्षणानंतरच्या एम. फिल. चा उल्लेख करतांना ‘देखरेखीखालील प्रशिक्षण’ आवश्यक धरलें आहे. सगळा भर आहे तो या देखरेखीवर, आणि बाहेरच्या लोकांना नेमका तोच दिसत नाहीं.

ही देखरेख म्हणजे काय, तें एका उदाहरणावरून कळेल. बँकेंतील एक नोकरदार बाई येते. थकवा, रडूं, वाढलेलें वजन, कशांतही मन लागत नाहीं. पुस्तक वाचून आलेल्या उमेदवाराला हें सरळ नैराश्य वाटतें, व तो लगेच बाईच्या बालपणांत शिरतो. अनुभवी गुरु त्याला विचारतो, “रक्त तपासलें काय? थायरॉइड ग्रंथि मंदावली कीं हींच लक्षणें दिसतात.” उमेदवार गप्प होतो व बाईला डॉक्टरकडे धाडतो. औषध लिहून देण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञाचा, कारण तो वैद्यकीय पदवीधर असतो. आपलें काम कोठें संपतें हें मानसशास्त्रज्ञानें वेळीं ओळखलें नाहीं, तर रोग्याचे महिनेच्या महिने वायां जातात.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. समोरचा तरुण म्हणतो, “आतां कशालाच अर्थ नाहीं.” नवखा घाबरतो. जीव देण्याचा विचार मनांत येतो काय, असें उघड विचारलें तर तोच विचार त्याच्या डोक्यांत भरेल, अशी त्याची समजूत असते. ही समजूत खोटी आहे. विचारल्यानें धोका वाढत नाहीं, असेंच संशोधनांतून दिसलें आहे. परंतु तो प्रश्न शांतपणें, नजर न चुकवितां विचारणें आणि उत्तर होकारार्थी आलें तर पुढें काय करावयाचें, हें कोणत्याही लेखी परीक्षेनें शिकवितां येत नाहीं. पहिल्या वेळीं शेजारच्या खुर्चींत कोणी जाणता बसलेला असावा लागतो.

कसोट्यांचेंही तसेंच. पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने यांनीं १९०५ सालीं बुद्धिमापनाची श्रेणी तयार केली. पुढें धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं कानडी व मराठी मुलांकरितां तिचें रूपांतर केलें, आणि ‘बिने-कामत’ हें नांव हिंदुस्थानभर रूढ झालें. हें काम मोलाचें खरें. पण जुन्या पिढीच्या मुलांवरून बसविलेलें मान आजच्या मुलास लावल्यास आंकडा फसवा येऊं शकतो. त्या आंकड्यावर कोणाची शाळा ठरते, कोणाचा अपंगत्वाचा दाखला. मूल उपाशीं होतें काय, प्रश्न त्याच्या घरच्या बोलींत होता काय, तें परक्या माणसाला बुजलें काय, हें पाहिल्यावांचून आंकडा लिहूं नये, एवढें शिकावयासही कित्येक महिने लागतात.

जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ, आणि घरांत “कमाई केव्हां?” हा प्रश्न दर दिवाळीला. म्हणून कोणी आडवाट शोधली तर नवल नाहीं. सहा आठवड्यांचीं प्रमाणपत्रें वाटणाऱ्या संस्था याच अधीरतेवर जगतात. त्यांच्या प्रमाणपत्रानें नोंद होत नाहीं. समुपदेशनाचें काम निराळें व तेंही उपयोगी. पण त्याचा अभ्यासक्रम पुरा करून कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाहीं. नोंद एकदां झाली म्हणजे जन्मभर निश्चिंती असेंही नाहीं. तिचें दर पांच वर्षांनीं नूतनीकरण करावें लागतें, व मधल्या काळांत शिक्षण चालू ठेवल्याचा पुरावा द्यावा लागतो.

या मार्गांत अलीकडे मोठा बदल झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२२ च्या नियमांनीं एम. फिल. ही पदवीच बंद केली. चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या एम. फिल. ला मात्र २०२५-२६ या वर्षापर्यंत प्रवेशाची सवलत दिली. एम. फिल. च्या जागीं येणाऱ्या अभ्यासक्रमांत प्रवेश घेतांना संस्था, अभ्यासक्रम व प्रवेशाचें वर्ष हीं तिन्ही परिषदेच्या मान्यतेच्या यादींत आहेत कीं नाहींत हें विद्यार्थिनीनें फी भरण्यापूर्वीं स्वतः पाहावें. संस्थेच्या जाहिरातींतील ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबूं नये. मान्यता कोणाची, कोणत्या अभ्यासक्रमाला आणि कोठपर्यंत, हें लेखी मागून घ्यावें.