साथीच्या काळात कर्मचाऱ्यांचे स्नेहमेळावे
(जव्हार-मोखाडा परिसरातील कर्मचारी व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल, की कोरोना गेला, आता ही जुनी मढी कशाला उकरायची? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, हे खरे आहे. पण रोग संपला, असे तिने म्हटलेले नाही. शिवाय साथ ही काही एकदाच येणारी गोष्ट नव्हे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा आला, २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने धुमाकूळ घातला आणि मार्च २०२० मध्ये पुण्यातच कोरोनाचे राज्यातील पहिले रुग्ण सापडले. पुढची साथ येईल तेव्हा आज समोर बसलेल्या मुलामुलींपैकी कोणी परिचारिका असेल, कोणी आश्रमशाळेत शिक्षक, कोणी एस.टी.चा वाहक. कार्यालयात कोणाचा तरी निरोप समारंभ असेल आणि प्रश्न पडेल, की करायचा की नाही? करायचा तर कसा? त्यासाठी आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

निरोप समारंभाचेच उदाहरण घ्या. आपल्या पिढीतील असंख्य लोकांची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख १ जून आहे. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच लिहून टाकली. नियमाप्रमाणे १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मे हा सरकारी नोकरांच्या निवृत्तीचा मोठा दिवस. ३१ मे २०२० ला टाळेबंदी होती, ३१ मे २०२१ ला दुसऱ्या लाटेचे निर्बंध होते. तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेली माणसे त्या दोन दिवशी शाल नाही, श्रीफळ नाही, दोन शब्द नाहीत, अशी घरी गेली. ही गोष्ट लहान नाही. विशेषतः आपल्या समाजातील ज्या माणसाच्या घराण्यात तोच पहिला सरकारी नोकर, त्याच्या दृष्टीने तो सत्कार म्हणजे साऱ्या कुळाचा सत्कार असतो. म्हणून "साथ आहे, समारंभ बंद" एवढे सांगून मोकळे होणाऱ्यांपैकी मी नाही.

तथापि जव्हार-मोखाड्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती ठाण्या-मुंबईच्या लोकांच्या ध्यानात येत नाही. शहरात एका कार्यालयातील दहा माणसे आजारी पडली, तर शेजारच्या कार्यालयातून दहा आणता येतात. खोडाळ्यासारख्या ठिकाणच्या आरोग्य केंद्रात मुळात माणसे किती? त्यातली सगळी एका वाढदिवसाला एका खोलीत जेवली आणि त्यातल्या एकाला जंतुसंसर्ग झालेला असला, तर २०२० च्या नियमाप्रमाणे सारा कर्मचारीवर्ग चौदा दिवस विलगीकरणात. मग बाळंतीण कोणी पाहायची? लसीकरणाचा दिवस कोणी सांभाळायचा? जिथे पाड्याला रस्ता नाही म्हणून आजही रुग्णाला डोलीतून आणावे लागते, तिथे डोली दवाखान्यापर्यंत पोहोचावी आणि दाराला कुलूप असावे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषित बालकाच्या घरी जाणारी अंगणवाडीताई पंधरा दिवस गेली नाही, तर त्याचा अर्थ काय, हे या तालुक्यांना कोणी शिकवायला नको.

दुसरे असे, की आपल्याकडचे पुष्कळ कर्मचारी बाहेरगावचे. शनिवारी त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकला किंवा विक्रमगड-मनोरमार्गे खाली उतरायचे आणि सोमवारी परत यायचे. मोठ्या गावाची साथ पाड्यावर नेणारी वाट तीच. अर्थात एकट्या कर्मचाऱ्यालाच दोष नको. वीटभट्टीवर गेलेले मजूर शिमग्याला घरी येतात, त्यांचीही वाट तीच. पण मजुराला पोटासाठी जावेच लागते. जेवणावळ पुढे ढकलता येते.

सावित्रीबाई फुले यांना १० मार्च १८९७ रोजी प्लेगने मृत्यू आला. रुग्णांची सेवा करताना त्यांनी तो धोका जाणून पत्करला होता. सेवेचा धोका आणि पार्टीचा धोका एका तराजूत घालू नये, एवढेच माझे म्हणणे.

आता एका शब्दाविषयी बोलतो. २०२० साली "सोशल डिस्टन्सिंग" हा शब्द दिवसरात्र कानावर पडला. त्याचे मराठी "सामाजिक अंतर" असे झाले. हा शब्द आपल्या माणसाच्या कानाला कसा लागला असेल, याचा विचार करणाऱ्यांनी केला नाही. सामाजिक अंतर काय असते हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले. जागतिक आरोग्य संघटनेनेच पुढे "शारीरिक अंतर" म्हणायला सुरुवात केली, आणि योगायोग पाहा, तिच्या अधिकाऱ्यांनी तसे सांगितले तो दिवस २० मार्च २०२०, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. अंतर शरीरांत ठेवायचे आहे, माणसांत नाही. अनंत हरी गद्रे यांच्यासारख्या सुधारकांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवली, ती एका पंक्तीला बसण्यात समता आहे म्हणून. साथीच्या निमित्ताने शिपायाचा चहा वेगळ्या कपात, सफाई कामगाराचे जेवण दाराबाहेर आणि साहेब मात्र पट्टी न लावता सर्वांच्या मध्ये, असे जिथे घडेल तिथे आरोग्याचा नियम नसून जुनाच रोग नव्या नावाने आलेला आहे, असे खुशाल समजावे. नियम करायचा तर साहेबांपासून सुरू करावा. कप वेगळा ठेवायचा तर प्रत्येकाचा वेगळा ठेवावा.

यानंतर रोग पसरतो कसा, ते पाहू. सुरुवातीला आपण भाजी साबणाने धुतली आणि दाराच्या कड्या पुसल्या. हात धुणे चांगलेच आहे, ते सोडू नये. परंतु हा रोग मुख्यतः श्वासातून, हवेतून पसरतो, हे पुढे स्पष्ट झाले. चीनमधील ग्वांगझू शहरात जानेवारी २०२० मध्ये तीन कुटुंबे एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली. वातानुकूलन यंत्र तीच हवा फिरवत होते. तीन टेबलांवरचे मिळून दहा जण आजारी झाले. ये-जा करणाऱ्या वाढप्यांपैकी मात्र एकालाही लागण झाली नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका गायकवृंदाचे ६१ जण अडीच तास सरावाला जमले. त्यांतले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. त्यांनी जंतुनाशक वापरले होते, हस्तांदोलन टाळले होते. पण दारे बंद होती आणि गळे मोकळे होते.

या दोन गोष्टींत सारे काही आले. बंद खोली, लांबलेला वेळ, उघडी तोंडे आणि मोठा आवाज या चार गोष्टी एकत्र आल्या, की एक आजारी माणूस पुरेसा होतो. आता आपले नेहमीचे संमेलन आठवा. सभागृह, तीन तास, भाषणे, गाणी आणि शेवटी जेवण! चारही अटी आपण पुऱ्या करतो.

म्हणून पहिला नियम, समारंभ उघड्यावर करावा. शाळेचे पटांगण आहे, आंब्याची सावली आहे, कार्यालयाची गच्ची आहे. जव्हारच्या पावसाची अडचण मला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर अंगणात उभे राहता येत नाही आणि झड येते म्हणून आपण खिडक्या लावून घेतो. अशा वेळी वर छप्पर आणि बाजू मोकळ्या अशी पडवी शोधावी, नाही तर समारंभ दसऱ्यानंतर ठेवावा. कोंदट वर्गात कोंबून बसवण्यापेक्षा माणूस चार महिने उशिरा सत्कार घेईल. सभागृहच घ्यायचे झाले, तर समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी हवीत.

वेळ कमी ठेवावा. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने लग्नसमारंभ दोन तासांत आणि २५ माणसांत उरकण्याचा आदेश काढला, तेव्हा लोक हसले. पण दोन तासांमागचे गणित बरोबर होते. भाषणे तीनच असावीत. (आपल्याकडे सूत्रसंचालकच सर्वांत अधिक बोलतो, त्याला आधी आवरावे!) ध्वनिक्षेपक असला की ओरडावे लागत नाही, हा त्याचा खरा उपयोग.

माणसे किती बोलवायची, यापेक्षा कोणती बोलवायची ते पाहावे. एका केंद्रातील, एका आश्रमशाळेतील किंवा आगारातील सगळे एका वेळी कधीही नकोत. अर्धे आज, अर्धे पुढच्या आठवड्यात. आश्रमशाळेत तर मुले एकाच दालनात झोपतात, तिथे एका शिक्षकाचा खोकला रातोरात पन्नास उशांवर जातो.

जेवणाचा भाग सर्वांत अवघड, कारण जेवताना तोंड झाकता येत नाही. समोरासमोर पंगत नको. उघड्यावर, एकाच दिशेला तोंड करून, अंतराने बसावे. त्याहून बरे म्हणजे नागलीची भाकरी आणि भाजी बांधून द्यावी, घरच्यांनाही मिळते.

येण्याजाण्याचा विचार तर कोणीच करीत नाही. दाभोशाचा धबधबा उघड्यावर आहे, हवा स्वच्छ आहे, पण तिथवर चौदा माणसे एका जीपमध्ये काचा लावून गेली, तर सहल रस्त्यातच महाग पडते. काचा उघड्या ठेवाव्यात, पावसात दोन बोटे का होईना.

ज्याला ताप, खोकला, घसा आहे त्याने येऊ नये, हे सारे सांगतात. पण तो येतो, कारण न आल्यास साहेबांना राग येईल असे त्याला वाटते. वरिष्ठांनीच आधी जाहीर सांगावे, की न येणाऱ्याला कोणी विचारणार नाही. झटपट तपासणीत नकारार्थी निकाल आला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण सुरुवातीच्या दिवसांत ती फसते. लस घेतलेली असावी. तिने गंभीर आजार पुष्कळ टळतो, मात्र दुसऱ्याला लागण होण्याचे पूर्णपणे थांबत नाही. आणि आलेल्यांची नावे वहीत लिहून ठेवावीत, म्हणजे पुढे कोणी आजारी पडल्यास इतरांना त्याच दिवशी सांगता येते.

हे जमते का, असे विचाराल, तर आपल्याच समाजाने ते करून दाखवले आहे. १४ एप्रिल २०२० ची जयंती आपण घराघरांत साजरी केली. त्या वर्षी दीक्षाभूमीवरील सोहळा झाला नाही आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन झाले. लाखोंच्या समुदायाने ते मानले. ज्यांच्या दृष्टीने तो दिवस वर्षातला सर्वांत मोठा, त्यांनी घरी बसून तो पाळला.

राहिला शेवटचा मुद्दा, जे येऊ शकत नाहीत त्यांचा. आजारी, गरोदर भगिनी, घरी वृद्ध आईवडील असलेले, विलगीकरणातले. यांना समारंभातून वगळले असे वाटू देऊ नये. दूरध्वनीवरून त्यांचे दोन शब्द सर्वांना ऐकवावेत. मोखाड्याच्या पाड्यांवर आवाज मध्येच तुटतो, तेव्हा आधी लिहून मागवून कोणी वाचून दाखवले तरी चालेल. त्यांच्या वाट्याचे जेवण बांधून उंबऱ्याबाहेर ठेवावे, हाक मारावी आणि दोन पावले मागे होऊन बोलावे. आणि ते पाकीट त्याच दिवशी पोहोचवावे. दुसऱ्या दिवशी भाजी आंबते.