गेम खेळून वजन उतरतं का?



मार्च २०२० मध्ये भारतात जाणारी विमानं बंद झाली आणि आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीत अडकले. बाबांना मधुमेह, आणि भीतीपोटी फिरणंही थांबलेलं. मग मी खटपट करून निन्टेंडोचा २०१९ साली आलेला 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' मिळवला. मांडीला पट्टा बांधायचा, हातात मोठं कडं धरायचं. आपण जागेवर धावलो की पडद्यावरचा गडी धावतो, आणि राक्षसाला हरवायला चक्क उठाबशा! "शाळेत फुकट काढल्या, आता पैसे मोजून?" बाबा म्हणाले. पण रोज संध्याकाळी तेच आधी तयार!

आता हिशेब. २००७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं, की 'वी स्पोर्ट्स' खेळताना मुलांची ऊर्जा बसून खेळण्यापेक्षा जास्त खर्च होते, पण खऱ्या मैदानी खेळापेक्षा कमी. २०१२ च्या ह्यूस्टनच्या अभ्यासात असे गेम घरी देऊनही १३ आठवड्यांत मुलांची एकूण हालचाल वाढली नाही. माझंही वजन हललं नाही. "आज व्यायाम झालाय" म्हणून मी चिवड्याचा डबा उघडायचो! बाबांची साखर आटोक्यात राहिली, ती औषधं, आईचं मोजून वाढणं आणि थोडी या गेममुळे.

ते परतले आणि कडं कपाटात गेलं. बिघडलं काहीच नव्हतं, सोबत गेली होती.

आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम करा, असं इथलं आरोग्य खातं सांगतं. गेम जरूर घ्या, पण बरोबर कोण ते आधी ठरवा. आम्ही आता फोन लावून चालतो. माझी रात्र, बाबांची सकाळ.