वयाच्या नावावर खपवलेले दुखणे
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही पदवीने बी. ए.; वैद्यकाशी आमचा संबंध सरकारी दवाखान्यातील रांगेपुरता. तरीही हा विषय आम्ही मागून घेतला. मंडळाच्या सहलीची यादी होताना पन्नाशी उलटलेल्या भगिनी एकेक करून नाव मागे घेतात. विचारावे तर उत्तर एकच, ‘आता वय झाले.’ खरे कारण पुष्कळदा निराळे असते. खोकला वा हसू आले की लघवीचे थेंब सुटतात, आणि हे कोणापाशी बोलायचे नसते. घरच्या पुरुषापाशी तर नाहीच. म्हणूनच पुरुषांनी हे ऐकावे.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून आधार तिचाच. बाळंतपणात ती ताणते, कधी फाटतेही. जुनाट खोकला, शौचास कुंथणे, स्थूलपणा यांनी आणखी सैलावते. तारुण्यात शरीर हे निभावून नेते. पुढे रजोनिवृत्ती येते (आपल्या देशात साधारणतः ४६-४७ व्या वर्षी), इस्ट्रोजेन हे संप्रेरक ओसरते, मूत्रमार्गाचे व योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते. वयाने स्नायूही झिजतात. बाळंतपणातले कर्ज असे उतारवयात वसुलीस येते.

मग गेलेले संप्रेरक गोळीने परत द्यावे, असे कोणासही वाटेल. परंतु अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड पाहणीतून २००५ साली दिसले ते उलटेच. पोटात घ्यावयाच्या गोळ्यांनी ही तक्रार वाढली. योनीत लावावयाचे इस्ट्रोजेनचे मलम कोरडेपणा व जळजळ यांवर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपयोगी पडते. स्नायूला मात्र व्यायामच हवा.

तो व्यायाम अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडला. वायू अडवताना जो भाग आत व वर ओढला जातो, तोच आवळावा, काही क्षण धरावा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावा. श्वास रोखू नये. पोट, मांड्या ताणू नयेत. एका वेळी ८ आवर्तने, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने. कुकरची शिट्टी होईपर्यंत एक पाळी सहज उरकते. लघवी करताना मध्येच अडवून सराव करू नये. पुष्कळ जणी वर ओढण्याऐवजी खाली जोर देतात. त्याने अपायच होतो. म्हणून एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून खात्री करून घ्यावी.

झोळी फारच सैल झाली की ‘अंग बाहेर येते’. प्रारंभी व्यायामाने बरे वाटते. पुढे आधाराचे कडे बसवतात किंवा शस्त्रक्रिया करतात. गर्भाशय न काढता वर बांधून घेण्याची एक शस्त्रक्रिया गोव्यात जन्मलेल्या, मुंबईस कीर्ती मिळविलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांची, हे येथे अभिमानाने सांगावेसे वाटते. रजोनिवृत्तीनंतर रक्त दिसले किंवा लघवीतून रक्त गेले, तर मात्र व्यायामावर विसंबू नये. तत्काळ डॉक्टर गाठावा.

आणखी एक. प्रवासाच्या आदल्या दिवसापासून पाणी तोडण्याची रीत सोडा. दाट लघवीने मूत्राशय चिडते, मलावरोध होतो, पुन्हा कुंथणे आलेच. येत्या सहलीत बस दर दोन तासांनी, स्वच्छ सोय असेल तेथे थांबेल, हे कार्यवाहांकडून आम्ही लेखी घेतले आहे. यादी आज दाराशी ठेवली आहे.