पेशींची आत्मशुद्धी आणि क्षयरोग : चेन्नईतील संशोधन



घरातील केरकचरा वेळीच काढला नाही, तर घर राहण्यायोग्य राहत नाही. पेशींचेही तसेच आहे. निकामी झालेली प्रथिने आणि जीर्ण तंतुकणिका पेशीत साठत राहिल्या, तर तिचे कार्य बिघडते. हा कचरा पेशी एका दुहेरी पटलाच्या पिशवीत गुंडाळते. ही पिशवी लयकारिकेशी एकरूप होते आणि तेथील विकरे आतील घटकांचे विघटन करतात. त्यातून मिळणारे अमिनो आम्लांसारखे घटक पेशी पुन्हा वापरते. उपासमारीच्या काळात ही क्रिया वेग घेते. तिलाच ऑटोफॅजी, म्हणजे स्वयंभक्षण, असे म्हणतात.

हे नाव बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिश्चन द दूव यांनी 1963 मध्ये सुचविले. लयकारिकेच्या शोधाचे श्रेयही त्यांचेच. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनी 1990 च्या दशकात किण्वावर प्रयोग करून या क्रियेसाठी आवश्यक असलेली जनुके शोधली. या कार्याबद्दल त्यांना 2016 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या विषयाचा भारताशी असलेला निकटचा संबंध क्षयरोगाच्या संदर्भात दिसतो. क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरताच महाभक्षी पेशी त्याला गिळते. परंतु जंतू ज्या पिशवीत असतो, तिचे लयकारिकेशी होणारे मीलन तो रोखतो आणि भक्षकाच्याच पोटात सुरक्षित राहतो. स्वयंभक्षणास चालना दिल्यास हा अडथळा दूर होतो, असे 2004 मध्ये प्रयोगशाळेतील पेशींवर दिसून आले. मात्र 2015 मध्ये उंदरांवर झालेल्या संशोधनाने या निष्कर्षाला मर्यादा घातली. स्वयंभक्षणाची अनेक जनुके काढूनही उंदरांच्या प्रतिकारात मोठा फरक पडला नाही. परीक्षानळीतील यश आणि सजीव शरीरातील यश यांत अंतर असते, ते असे.

हे अंतर तपासण्याचे कार्य चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने केले. या संस्थेची स्थापना 1956 मध्ये क्षयरोग रसायनोपचार केंद्र म्हणून झाली. दाटीवाटीच्या वस्तीतील गरीब रुग्णांवर घरी केलेले औषधोपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच परिणामकारक ठरतात, हे या केंद्राने 1959 मध्ये दाखवून दिले. जगाच्या क्षयरोगविषयक धोरणाला त्यामुळे नवी दिशा मिळाली.

याच संस्थेच्या पुढाकाराने मेटफॉर्मिन या मधुमेहावरील स्वस्त व परिचित औषधाची चाचणी झाली. हे औषध पेशीतील ऊर्जासंवेदी विकराला जागृत करून स्वयंभक्षणास साहाय्य करते. नेहमीच्या क्षयरोगविरोधी औषधांना त्याची जोड दिल्यास काय घडते, हा प्रश्न होता. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, थुंकीतील जंतू अधिक लवकर नाहीसे झाले नाहीत. तथापि अतिरिक्त दाह कमी झाला आणि क्ष-किरण चित्रांत फुप्फुसांतील विकृती लवकर निवळताना दिसली.

हा निकाल अपेक्षेइतका उत्साहवर्धक नसला, तरी महत्त्वाचा आहे. क्षयातून बरे झालेल्या अनेकांना फुप्फुसांची हानी आयुष्यभर सोसावी लागते. श्रमावर पोट असणाऱ्याला दम लागणे म्हणजे रोजगार गमावणे होय. शिवाय अनेक औषधांना दाद न देणारे जंतू आढळत असताना, जंतूवर थेट प्रहार करण्याऐवजी रुग्णाच्या पेशींचे बळ वाढविणारे उपचार शोधणे अपरिहार्य ठरते.

सावधगिरीही तितकीच आवश्यक आहे. कर्करोगात हीच क्रिया कधी गाठीला रोखते, तर कधी तिलाच पोसते. म्हणून उपवासाने सर्व रोग बरे होतात, असा सोपा अर्थ यातून काढणे अशास्त्रीय ठरेल. क्षयरोग्याला तर सकस आहार आणि औषधांचा पूर्ण क्रम, या दोन्हींची गरज असते. निसर्गाने पेशीला स्वच्छतेची व्यवस्था दिली आहे; ती केव्हा, कोठे आणि किती चालवावी, हे शोधणे विज्ञानाचे काम आहे.