होकार दोन, वाट एक

कारंज्यात आमच्या गल्लीतल्या सायकल दुरुस्तीवाल्याच्या मुलीला परदेशातल्या दोन नामांकित विद्यापीठांचे होकार आले. एक लंडनचं, नाव जगभर गाजलेलं. पण खर्च सगळा स्वतःचा. दुसरं अमेरिकेतलं, फी माफ, वर दरमहा विद्यावेतन. बाप-लेक माझ्याकडे आले. मी कवी माणूस, नावाला भुललो. म्हणालो, “घर गहाण टाका, पण लंडनलाच जा.”

पोरगी हळूच म्हणाली, “चाचा, बाबासाहेबांनाही लंडन अर्ध्यावर सोडावं लागलं होतं ना?”

मी गप्प झालो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर 1913 साली कोलंबियाला गेले, 1916 साली लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली परतावं लागलं. मग मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, काही उसने घेतले, 1920 साली पुन्हा गेले आणि 1923 साली डी.एस्सी. झाले. ती जिद्द त्यांचीच. दुसरी फेरी सगळ्यांना मिळत नाही. मलाच मिळाली नाही. नागपूरला एम.ए.चा प्रवेश हातात होता, खोलीचं भाडं नव्हतं, बी.ए.वरच थांबलो. आणि मीच हे विसरलो!

मुलांनो, नाव जरूर बघा. पण आपला विषय तिथे कोण शिकवतं आणि शेवटच्या परीक्षेपर्यंत खर्च कोण उचलणार, हे आधी विचारा.

ती अमेरिकेला गेली. घर अजून तिच्या अब्बांच्याच नावावर आहे.