दस्त्यावरील पितळी फुले



खंडेनवमीचे निमित्त साधून मी आज बंदुकीविषयी बोलणार आहे. तिच्या नळीविषयी नव्हे, तर लाकडी दस्त्याविषयी आणि त्यावर ठोकलेल्या पितळी खिळ्यांविषयी. 1741 साली भास्करपंतांची मराठी फौज ज्या रतनपुरास आली, त्याच्या मुलखात राहणाऱ्या आपणांस शस्त्रांचा विषय परका वाटू नये.

ही कला विशेष बहरली ती मात्र उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशांतील आदिवासींमध्ये. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत हडसन्स बे कंपनीसारखे व्यापारी त्यांना केसाळ कातड्यांच्या मोबदल्यात ठासणीच्या बंदुका देत. त्या इंग्लंडात घडत. डाव्या अंगास सर्पाकृती पितळी पट्टी असे. ती नसली तर गिऱ्हाईक बंदूक अस्सल मानीत नसे!

घुमटी डोक्याचे हे खिळे वास्तविक पेट्या व खुर्च्या मढविण्यासाठी केलेले. या मंडळींनी ते दस्त्यावर रांगेने, वर्तुळांत, चौकटींत ठोकले. अक्रोडाचे लाकूड उलू नये म्हणून आधी बारीक भोक पाडणे आले. दस्ता जेथे निमुळता होतो तेथेच तो मोडे. तेथे ओले कच्चे कातडे शिवून आवळीत. वाळले की ते आक्रसून घट्ट बसे. शेकड्यांनी निघालेल्या एकसारख्या बंदुकांतून आपली कोणती, हे मालकाला अंधारातही नुसता हात फिरवून कळत असावे.

आपल्या घरांतील पितळी फुले मारलेला पाट आठवा. तेही काम याच जातीचे. नव्या रायपुरातील सरकारी निवासांत जेवणाच्या टेबलाने पाटाला माळ्यावर धाडले आहे. बदलीच्या सामानात मात्र तो अजून येतो, हे मला मोठे बोलके वाटते.

पण सणासुदीला आपण त्याला चिंचेने घासतो. पितळ चकाकते, आंबट पाणी मात्र कडेने लाकडात उतरते. जुन्या खिळ्यांचा दांडाही पितळेचाच असे. पुढे लोखंडी दांड्यावर पितळी टोपी आली. असा दांडा आत गंजतो आणि लाकूड काळवंडते. दांडा कशाचा हे पाहण्यास खिळा उपटू नये, लोहचुंबक पुरतो. डोक्याभोवती हिरवा कळंक धरला असेल तर बांबूची बारीक काडी आणि कोरडे मऊ फडके घ्यावे. सुटलेले फूल त्याच्याच भोकात बसवावे. शेजारी नवे भोक पाडले की पाट उललाच म्हणून समजा.