चहाच्या कंपनीतला संगणक



संगणकाच्या धंद्यात माणूस पहिल्याने शिरतो कसा, या विषयावर आमच्यासारख्याने बोलावे याचे कोणाला नवल वाटले तर त्यात काही चूक नाही. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि याच गावच्या वाचनालयात. प्रोग्रॅम लिहिणे आम्हांला येत नाही. पण प्रोग्रॅम आला म्हणून हातचे काम गेलेली माणसे आम्ही जवळून पाहिली आहेत. हे नवे काम ज्यांना मिळाले त्यांना ते कसे मिळाले, आणि आमच्या माणसांना का मिळाले नाही, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही.

त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही पुस्तकांतून लंडनला जाऊन पोचलो. तेथे जे. लायन्स आणि कंपनी नावाची मोठी पेढी होती. धंदा चहाच्या दुकानांचा आणि पाव-केकचा. गिऱ्हाइके अगणित, एकेकाचे बिल चिमूटभर. पण त्या चिमटीचा हिशेब ठेवायला कारकुनांची फौज लागे. १९४७ साली कंपनीचे दोन अधिकारी कचेरीकामाच्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेला गेले. तेथे त्यांना कळले की, असे गणितयंत्र आपल्याच केंब्रिजमध्ये विल्क्स नावाचे गृहस्थ बांधीत आहेत. काखेत कळसा म्हणतात ते हेच! कंपनीने केंब्रिजला तीन हजार पौंड आणि आपला एक माणूस दिला, आणि पुढे त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र उभारले. नाव ठेवले ‘लिओ’. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्याने बेकरीच्या मालाची किंमत काढून दिली. कचेरीच्या नेहमीच्या कामाला जुंपलेला जगातला पहिला संगणक तो हाच, असे मानतात.

यंत्र तयार झाले, पण त्याला आज्ञा लिहून देणारा माणूस कोठून आणायचा? त्या विद्येची पदवी नव्हती, बाजारात असा माणूस मिळत नव्हता. मग कंपनीने आपल्याच कचेरीत शोध घेतला. १९५२ साली नोकरांतून निवडक मंडळींसाठी एक छोटासा वर्ग भरवला. दिवसा व्याख्याने, वर सोडवायला उदाहरणे. त्यात एकच मुलगी होती, मेरी ब्लड. लग्नानंतरच्या मेरी कूम्ब्स. वय तेवीस, पदवी फ्रेंच भाषेची, नोकरी कारकुनाची. वर्ग संपल्यावर काम देऊ केले ते तिला आणि फ्रँक लँड नावाच्या तरुणाला. हा लँड लहानपणी बर्लिनहून निर्वासित होऊन आलेला, अर्थशास्त्र शिकलेला.

आता येथे सत्य तेवढे सांगितले पाहिजे. मेरीबाईंचे वडील त्याच कंपनीत डॉक्टर होते आणि त्यांची शाळाही थोरामोठ्यांच्या मुलींची होती. गरिबाघरची पोर आपल्या बळावर वर आली, अशी गोष्ट करून सांगितली तर टाळ्या पडतील, पण ती खोटी होईल. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. तिला गणिताची पदवी कोणी विचारली नाही, आणि ती बाई आहे म्हणून दार लावून घेतले नाही.

तिच्या वाट्याला जे काम आले ते पगारपत्रकाचे, म्हणजे आमच्या जिव्हाळ्याचे! ज्याने हजेरीपट हाताळला आहे त्यालाच त्यातली गुंतागुंत कळेल. कोणी दहा मिनिटे उशिरा आला, कोणी जादा वेळ थांबला, कोणी आजारी. त्यातून कर कापायचा, विम्याचा हप्ता कापायचा. जुना कारकून हे सारे डोक्यात ठेवतो. त्याला विचाराल तर धड सांगताही येणार नाही. यंत्राला मात्र काहीच ठाऊक नसते. प्रत्येक ‘जर’ आणि प्रत्येक ‘नाहीतर’ लिहून द्यावा लागतो. त्यात त्या यंत्राची स्मृती म्हणजे पाऱ्याने भरलेल्या नळ्या. आकडे आणि आज्ञा मिळून दोन हजारांच्या आसपास मावत. तेव्हा एकेक आज्ञा कंजुषाने पैसा मोजावा तशी मोजायची. उत्तर चुकले तर चूक आपल्या लिहिण्यात आहे, की सुमारे सहा हजार व्हॉल्व्हांपैकी एखादा गेला आहे, हे आधी ठरवायचे.

१९५३ च्या अखेरीस ते पगारपत्रक यंत्रावर चालू झाले. एका कामगाराचा पगार काढायला सरावलेल्या कारकुनाला आठ मिनिटे लागत, यंत्राला दीड सेकंद. विद्वान मंडळी हा आकडा कौतुकाने सांगतात. आम्हांला मात्र तो ऐकला की ती आठ मिनिटे ज्याची होती तो माणूस आठवतो.

तसा एक माणूस आम्ही पाहिला. १९९६ साली आम्ही तरुण कार्यकर्ते होतो. एका कारखान्यात पगारासाठी संगणक येणार असे कळले आणि आम्ही दारात निदर्शने केली. यंत्र चार महिने खोक्यात पडून राहिले. तो आम्ही विजय समजलो! मग ते आलेच, आणि त्याच्याबरोबर बाहेरचा एक पोरगा आला. तो तीन दिवस पगारखात्यातल्या जुन्या कारकुनाच्या शेजारी बसला. ‘काका, रात्रपाळीला सुट्टी जोडून आली तर काय करता?’ असे विचारी, आणि काका सगळे सांगत. बावीस वर्षांचे ज्ञान त्यांनी तीन दिवसांत चहाच्या दोन-चार कपांवर देऊन टाकले. पुढे त्यांना गोदामात घातले. एकदा आम्हांला म्हणाले, ‘साहेब, तुम्ही यंत्र नको म्हणालात. मला ते शिकवा, असे का नाही म्हणालात?’

आम्हांला उत्तर देता आले नाही. काकांना पोराइतके जमले असते का, कोणास ठाऊक. पण लायन्सच्या कारकुनांना बसायला मिळाला तसला वर्ग त्यांच्या वाट्याला आला नाही, आणि तो मागायचे काम आमचे होते.

मेरीबाईंनी मुले झाल्यावर पूर्णवेळ काम सोडले, काही वर्षे अर्धवेळ केले, अपंगांनाही प्रोग्रॅम लिहायला शिकवले. १९६९ साली त्या धंद्यातून बाहेर पडल्या आणि पुढे प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या. २०२२ साली त्या वारल्या.

गेल्या महिन्यात एका कारखान्याला आम्ही जे मागणीपत्र दिले, त्यात नव्या यंत्रणेचे शिक्षण आधी जुन्या कामगारांना द्यावे हे कलम पगारवाढीच्या वर घातले आहे. त्यावरून सभासदांत मोठी वादावादी झाली. पगार आधी, शाळा मागाहून, असे बऱ्याच जणांचे म्हणणे आहे. पुढची सभा येत्या रविवारी आहे.